एकटीसाठी टेबल मागताना

साताऱ्यात राहणाऱ्या, एका बँकेच्या तपासणी विभागात अधिकारी असलेल्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वय अडतीस. शाखांच्या तपासणीसाठी त्यांना सांगली, मिरज, विटा, जत असं फिरावं लागतं. मुक्काम बहुतेक वेळा सांगलीत, विश्रामबागेकडच्या एका हॉटेलात असतो. पहिल्या संध्याकाळी त्या खाली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेल्या. वेटरनं विचारलं, "मॅडम, अजून कोणी येणार आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं त्यांना हात धुवायच्या बेसिनशेजारी बसवलं. पलीकडच्या टेबलावर चौघांची पार्टी रंगली होती. लोक बघतात, असं वाटून दहा मिनिटांत त्यांनी डाळ-खिचडी पार्सल करून घेतली आणि वर गेल्या. तेव्हापासून रात्रीचं जेवण खोलीतच, पलंगावर वर्तमानपत्र पसरून होतं. पित्ताचा त्रास वाढला आहे. शाखेचे मॅनेजर रोज म्हणतात, "एकट्या कुठं जेवणार, आमच्याबरोबर चला." नाही म्हटलं तर शिष्टपणा दिसेल, असं त्यांना वाटतं. त्यांचे पती स्वतः कामानिमित्त फिरतात, पण त्यांचं म्हणणं, "रूमवर मागव ना, कशाला डोक्याला ताप?" सासूबाईंना परगावी एकट्या राहणाऱ्या सुनेची काळजी. त्यातच बढतीचं विचारणं आलं आहे आणि बढती घेतली की फिरती वाढणार. त्या लिहितात, "चाळिशीला टेकलेल्या बाईनं जेवायला खाली जायला घाबरावं, हे मलाच पटत नाही. मॅनेजरांना हो म्हणावं का? की फिरतीच नको म्हणून बढती सोडून द्यावी?"

ताई,

तुम्ही स्वतःला भित्री ठरवून टाकलंत, ते मला मान्य नाही. परक्या शाखेत जाऊन तिजोरीतली रोकड मोजून घेणारी, सोनेतारणाची पाकिटं उघडून दागिने पुन्हा तोलायला लावणारी, थकलेल्या कर्जाची फाईल मॅनेजरसमोर ठेवून 'हे असं का?' विचारणारी बाई भित्री नसते. शाखेत तुम्हाला तुमचा अधिकार माहीत असतो. खालच्या रेस्टॉरंटमध्ये आपण कोण म्हणून बसायचं, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या बायकांना कुणी सांगितलेलं असतं. तिथं अडखळायला होतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वेटरचा प्रश्न तुमच्या मनात घर करून बसला आहे, म्हणून आधी तोच बघू. 'अजून कोणी येणार आहे का?' हे त्याला टेबलाच्या हिशेबासाठी हवं असतं. रात्री साडेआठला सहा जणांचं कुटुंब दारात ताटकळत असतं आणि चौघांच्या टेबलावर एकच गिऱ्हाईक बसलं की गल्ल्यावरून मालक त्याच्याकडे बघतो. टेबलावर पाण्याचे चार ग्लास पालथे असतात. त्यातले तीन उचलायचे की राहू द्यायचे, एवढं त्याला ठरवायचं असतं. एकट्या पुरुषालाही तो 'किती जण?' म्हणून विचारतोच. पुरुष 'एकच' म्हणतो आणि चालत जाऊन हव्या त्या जागी बसतो. तुम्ही 'नाही' म्हणालात आणि थांबलात, मग जागा त्यानं ठरवली. पुढच्या वेळी उत्तराला एक वाक्य जोडा: "मी एकटीच आहे, त्या भिंतीकडच्या टेबलावर बसते." आणि चालायला लागा. तरी बेसिनशेजारचंच टेबल पुढं केलं तर "इथं नको, दुसरं द्या" इतकं पुरतं. कारण सांगत बसायचं नाही. आठवडाभर त्यांच्याकडे उतरलेल्या गिऱ्हाइकाला नाराज करणं कुठल्याच मालकाला परवडत नाही.

पण सगळा दोष तुमच्या संकोचाला देणं अन्यायाचं होईल. आपल्याकडच्या हॉटेलांची मांडणीच तशी होत आली आहे. बाहेर मोठा हॉल आणि आत 'फॅमिली रूम', पूर्वी तर पडदे लावलेले कप्पे. बाई बाहेर जेवायला येणार ती नवऱ्याबरोबर, मुलाबाळांबरोबर, हे धरूनच ती जागा काढलेली. त्यामुळे एकटी बाई दारात आली की वेटरचीही पंचाईत होते. हॉलमध्ये बसवावं तर सगळे पुरुष, फॅमिलीत बसवावं तर अख्खं टेबल अडतं. या गोंधळातून तुमच्या वाट्याला बेसिनजवळची जागा आली.

आणि याच महाराष्ट्रात कामासाठी परगावी राहिलेल्या एकट्या पुरुषाला जेवू घालायला खानावळ नावाची अख्खी व्यवस्था उभी राहिली! आपल्या सातारा-सांगलीकडची, कोकणातली माणसं बायकामुलं गावी ठेवून मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि वर्षानुवर्षं खानावळीत जेवली. त्यांच्यासाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायकाच होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना हात देण्यासाठी. पानावर बसलेल्या त्या कामगाराला 'एकटाच का आलास?' असं कुणी विचारलं नसेल. काम इथं आहे, घर लांब आहे, भूक लागली आहे, एवढं कारण सगळ्यांना पुरत होतं. ताई, तुमचंही कारण अगदी तेच आहे. तुम्ही कामावर आलेलं माणूस आहात आणि कामावर आलेलं माणूस जिथं असेल तिथं पोटभर, टेबलावर बसून जेवतं. मला तुम्हाला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे ते हेच.

याचा अनुभव घ्यायचा असेल तर एका दुपारी मिरजेत जेवा. वानलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातूनही पेशंट येतात. हॉस्पिटलजवळच्या हॉटेलांत कितीतरी बायका एकट्या जेवत असतात: कुणाची आई वॉर्डात, कुणाचा नवरा ऑपरेशनला आत. एक्स-रेचं मोठं पाकीट खुर्चीला टेकवलेलं, पर्स मांडीवर, समोर राईस प्लेट. वेटर त्यांना मराठीत किंवा कानडीत 'आणखी भात?' एवढंच विचारतो. त्यांच्यातलीच एक होऊन बसा. दुपारचं जेवण असं दोन-तीनदा एकटीनं झालं की रात्रीचं तितकं अवघड वाटत नाही. मी तर म्हणेन, सुरुवात दुपारपासूनच करा.

रात्रीसाठी वेळ फार महत्त्वाची. परमिट रूम असलेल्या हॉटेलात नऊनंतर आवाज चढतात, टेबलं हलायला तयार नसतात. सात-साडेसातला गेलात तर जागा मोकळी, किचन ताजं, वेटरला फुरसत. चेक-इन करतानाच रिसेप्शनवर विचारून घ्या: दारूचा विभाग वेगळा आहे का, किचन किती वाजता बंद होतं, जवळ कुटुंबं जातात असं शाकाहारी हॉटेल कुठलं. दुसऱ्या हॉटेलात जाऊन जेवायला तुम्हाला कुणाचीच बंदी नाही. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळे पोरापोरींची वर्दळ असते आणि मुली दोघी-दोघी, कधी एकट्याही खाताना दिसतात. अशा ठिकाणी तुमच्याकडे कुणी मान वळवून बघणार नाही. मात्र अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यानं लांब चालत जाऊ नका. जेवायला गेलं की रिक्षा कुठं मिळते ते आधी बघून ठेवावं.

'लोक बघतात' असं तुम्ही लिहिलंय. बघतात, खरं आहे. पण सगळं बघणं सारखं नसतं. दारातून येणाऱ्या कुणाहीकडे सगळं हॉटेल एकदा बघतं आणि पुन्हा ताटाकडे, मोबाइलकडे, टीव्हीवरच्या मॅचकडे वळतं. ते सोडून द्यायचं. कुणी टक लावून बघत असेल, मुद्दाम ऐकू जाईल असं बोलत असेल, तर ते सहन करत बसणं म्हणजे धीटपणा नव्हे. वेटरला बोलवा, टेबल बदलून मागा, काउंटरवर सांगा. कुणी मागोमाग लिफ्टकडे आलं तर खोलीकडे न जाता रिसेप्शनला या. तिथूनच ११२ लावता येतो.

एक बारीक गोष्ट फार हॉटेलांत घडते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. जेवण झालं, बिल खोलीच्या खात्यावर लावायचं, की वेटर लांबूनच मोठ्यानं विचारतो, "मॅडम, रूम नंबर?" आणि आपणही सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगतो. तसं करू नका. बिलाची स्लिप मागा, नंबर लिहा, सही करा, पालथी घालून द्या. हे पुरुषांनीही पाळावं असं आहे. बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे किंवा काउंटरकडे ठेवलंत की निम्मा अस्वस्थपणा आपोआप कमी होतो, कारण मागून कोण आलं हे बघायला वळावं लागत नाही. सोबत पुस्तक, वर्तमानपत्र, मोबाइल, काय हवं ते घ्या. फक्त पहिला घास त्यात मान न खुपसता खा, चवीनं खा.

आता पित्ताबद्दल. हॉटेलच्या मेनूवर आठवडाभर जगणं कुणाच्याच पोटाला मानवत नाही. काजूची ग्रेव्ही, बटर, मैद्याची रोटी, आणि भाजीची प्लेट दोघांना पुरेल एवढी. एकट्या माणसाची तिथं पंचाईत होते, म्हणून हाफ प्लेट मिळते का हे विचारायला लाजू नका. थाळी मिळत असेल तर तिच्यासारखं सुख नाही. थोडं थोडं सगळं येतं आणि निवडायचं ओझं राहत नाही. आपल्या भागात ज्वारीची भाकरी बहुतेक ठिकाणी मिळते आणि इस्लामपूर-कऱ्हाडकडचा अख्खा मसूर सांगलीतही मिळतो. तिखट बेताचं करा म्हणून आधी सांगा, सोबत ताक घ्या. साधं वरण-भात मेनूवर नसलं तरी सात वाजता विनंती केली तर आचारी करून देतो, दहा वाजता देत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. रात्री दहाला पलंगावर जेवून तिथंच आडवं झालं की पित्त उसळणारच. एवढं करूनही जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांवर दिवस काढू नका.

भत्त्याचंही सांगते, कारण फिरतीवरच्या बऱ्याच जणी, आणि जण, जेवणात काटकसर करून तो घरी आणतात. घरात सतरा खर्च असतात, मी समजू शकते. पण भत्ता तुमच्या पोटासाठी दिलेला आहे. तो ठोक रकमेचा आहे की बिलावर मिळतो, हे आधी माहीत करून घ्या आणि बिलावर असेल तर रोजचं बिल जपून ठेवा. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के लागतो. खोलीचं भाडं रोजच्या ७,५०० रुपयांवर जाणाऱ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. बिलात दिसला तर काढून द्यायला सांगा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मॅनेजरांच्या आग्रहाबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: तपासणी चालू असेपर्यंत जाऊ नका. तुम्हाला वाटतं की नाही म्हणणं शिष्टपणाचं दिसेल. मला वाटतं, हो म्हणणं तुम्हालाच जड जाईल. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. ज्यांनी तीन रात्री आग्रहानं वाढलं, त्यांच्या अहवालात चौथ्या दिवशी कडक शेरा लिहिताना पेन अडखळतं. तुमचं नाही अडखळलं तरी शाखेतल्या चार माणसांना तसं वाटायला जागा राहते. ते मॅनेजर कदाचित निव्वळ काळजीनं विचारत असतील. बाई माणूस, परगाव, एकटी, यांची सोय बघायला हवी, असं त्यांच्या मनात असेल. पण तुमच्या जागी पुरुष अधिकारी असता तर त्यालाही चलाच म्हणून आग्रह झाला असता. तपासणी अधिकाऱ्याची सरबराई ही फार जुनी रीत आहे आणि बहुतेक बँकांचे नियम तिच्या विरोधात असतात. तुमच्या बँकेचा नियम काढून वाचा, म्हणजे नकाराला आधार मिळेल. आणि नकार गोड शब्दांत द्या: "साहेब, जेवणाचं माझं मी बघते, बँक भत्ता देते. दुपारचा चहा मात्र सगळ्यांबरोबर घेईन." हे पहिल्याच दिवशी, चार जणांसमोर, हसून सांगितलं की रोज रोज टाळावं लागत नाही. शाखेतल्या एखाद्या मॅडमनी घरी बोलावलं तर मोह होईल, घरचं जेवण कुणाला नको असतं? तेही अहवाल सादर झाल्यावर, पुढच्या फेरीला.

तुमच्या पत्रात मॅनेजरांच्या वागण्याबद्दल तक्रार नाही, म्हणून हे त्यांच्याबद्दल नाही. पण हे वाचणाऱ्या इतर फिरत्या नोकरदार बायकांसाठी लिहून ठेवते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कार्यालयाच्या चार भिंतींपुरता नाही. नोकरीच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागा आणि संस्थेनं पुरवलेला प्रवासही त्यात येतो. दौऱ्यावर, जेवणाच्या टेबलावर कुणी मर्यादा सोडली तर आपल्या संस्थेच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. 'ऑफिस सुटल्यावरचं आहे, आता काय करणार' असं म्हणून गप्प बसू नका.

खोलीत जेवण्याला माझा विरोध नाही. दिवसभर आकड्यांत डोकं घातल्यावर कुणाचं तोंडही बघू नये असं वाटतं, मलाही वाटतं. अशा रात्री खुशाल वर मागवा. पण खोलीतल्या टेबलावरच्या फायली बाजूला करा, खुर्चीवर बसून जेवा, आणि ताट दारातच घ्या, आत आणून मांडायला सांगू नका. मला खटकतं ते इतकंच, की तुम्हाला खाली जायचं असतं आणि तरी तुम्ही वर थांबता. पती म्हणतात 'कशाला डोक्याला ताप', त्यात प्रेम आहे. पण एकदा त्यांना विचारा की फिरतीवर तुम्ही कुठं जेवता आणि कुणाबरोबर. बहुधा 'खाली, एकटाच' असं उत्तर येईल. मग तुमचं म्हणणं त्यांना वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. सासूबाईंना रोज जेवल्यावर एक फोन करा, काय खाल्लं ते सांगा. त्यांची काळजी निम्म्यानं तिथंच उतरेल.

सातारा-सांगलीतल्या हॉटेलमालकांपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर त्यांनाही विनंती. भिंतीकडेनं दोघांपुरती चार-पाच टेबलं ठेवा, मेनूवर हाफ प्लेट आणि एकाला पुरेल अशी थाळी रात्रीही द्या, आणि रूम नंबर मोठ्यानं विचारू नका असं पोरांना बजावा. नोकरीनिमित्त एकट्या उतरणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत आणि जिथं बरी वागणूक मिळते तिथंच त्या पुन्हा येतात.

राहिली बढती. रात्रीचं जेवण हे बढती नाकारायचं कारण होऊ शकत नाही, पण दुसरी कारणं असू शकतात. मुलांच्या शाळा, सासूबाईंची तब्येत, तुमची स्वतःची दमछाक, या कामात रस आहे की नुसती खुर्ची मोठी हवी आहे, यावर विचार करा. त्यावरून 'नको' आलं तर ते मोकळ्या मनानं सांगा. तोवर विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचारा: महिन्यातले किती दिवस बाहेर राहावं लागेल, कुठले जिल्हे असतील, आणि राहायचं हॉटेल स्वतः निवडायची मुभा आहे का. विभागात दुसऱ्या महिला अधिकारी असतील तर त्या कुठं उतरतात, कुठं जेवतात हे त्यांच्याकडून उतरवून घ्या. जमत असेल तर एखादी तपासणी दोघींनी मिळून लावून घ्या. पुढची सांगलीची फेरी जवळच असेल. त्या आठवड्यात दुपारी मिरजेत आणि दोन संध्याकाळी सातच्या सुमाराला खाली बसून जेवा आणि विभागप्रमुखांना होकार की नकार ते साताऱ्याला परतल्यावर कळवा.